ज्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं, तोच दहा वर्षांनी जिल्ह्याचा खासदार झाला : कॉम्रेड शामराव परुळेकर यांची गोष्ट

मीरा-भाईंदर : निवडणूक आली की आपल्याकडे एकच चर्चा असते. कोणाला तिकीट मिळालं, कोण कुठून कुठे गेला, कोणाच्या सभेला किती गाड्या. पण आपला हा ठाण्याचा मतदारसंघ एके काळी पार शेतकऱ्यांचा आणि आदिवासींचा होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तेव्हा मीरा, भाईंदर, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे ही सगळी ठाणे तालुक्यातली साधी गावं. भात, मिठागरं, खाडीची मासळी, आणि डोंगराच्या बाजूला चेणे-वरसावेकडे वारल्यांचे पाडे. टॉवर नव्हते, महापालिका नव्हती. नगरपरिषदच मुळी १९८५ ला झाली आणि महापालिका २००२ ला. त्या काळात आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या माणसाला दिल्लीला पाठवलं, त्याचं नाव शामराव विष्णू परुळेकर.

नाव ऐकलेलं असेल. तलासरी, डहाणू, विक्रमगडच्या वाचकांना तर सांगायलाच नको. पण भाईंदरच्या बाजूला मी दहा जणांना विचारलं, तर आठ जणांना माहीत नव्हतं. म्हणून हा लेखाचा खटाटोप. माणूस कम्युनिस्ट होता. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, पक्षाचं थोडं बाजूला ठेवून वाचा.

शामरावांचा जन्म १९०२ चा. शिकलेला, शहरी वळणाचा माणूस. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ ला काढलेली भारत सेवक समाज ही संस्था होती, तिच्यात ते काम करायला लागले. तिथलं काम सरळमार्गी होतं. कामगारांच्या अडचणी, अर्ज, अहवाल, सरकारदरबारी खेपा. शामरावांचा पिंड मात्र हळूहळू बदलत गेला.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९३६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ ला मुंबई इलाख्याची निवडणूक झाली, त्यात या पक्षाकडून शामराव रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. म्हणजे ते आधी आमदार झाले ते बाबासाहेबांच्या पक्षाचे. कोकणात तेव्हा खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला माणूस. सारा गोळा करायचा आणि वर स्वतःचंही काढायचं. बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं बिल कौन्सिलात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कोकणी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. त्या कामात शामराव बाबासाहेबांबरोबर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कामगारांच्या काळ्या बिलाविरुद्ध मुंबईत संप झाला. त्यात मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते, आणि त्यातही शामराव होते.

१९३९ ला दोन गोष्टी झाल्या. ते कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि गोदावरी गोखले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. गोदावरीबाई पुण्याच्या, वकिलाच्या घरातल्या, स्वतः कायदा शिकलेल्या. त्या काळात बाई कायद्याची पदवी घेते म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारा. त्याही भारत सेवक समाजातच होत्या. दोघांनी ते सोडलं. लढाई सुरू होती, सरकारविरुद्ध बोलले म्हणून दोघंही तुरुंगात गेले आणि १९४२ ला सुटले. सुटल्यावर त्यांनी मुंबईतल्या गिरण्यांकडे न जाता ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडे मोर्चा वळवला. कल्याण, मुरबाड, शहापूरची गावं पायी फिरले. जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून थोडे वारली आले होते. त्यांच्यात माह्या धांगडा होता.

वारल्यांचं तेव्हा काय चाललं होतं, ते नीट समजल्याशिवाय पुढची निवडणूक समजत नाही. म्हणून जरा थांबून सांगतो.

जमीन सावकाराची आणि जमीनदाराची. कसणारा वारली. पेरणीच्या वेळी स्वतःच्या शेताआधी जमीनदाराच्या शेतावर राबायचं, तेही फुकट. याला वेठ म्हणायचे. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं, नाही गेलं तर मार. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला व्याजासकट फेडायची. म्हणजे खळ्यावरूनच भात जायचं. आणि सगळ्यात वाईट होती लग्नगड्याची पद्धत. पोराच्या लग्नाला सावकाराकडून थोडे पैसे घेतले की तो पोरगा आणि त्याची बायको, दोघंही त्या सावकाराचे. कर्ज फिटेपर्यंत राबायचं, आणि कर्ज कधी फिटायचंच नाही, कारण हिशोब लिहिणारा सावकार आणि अंगठा देणारा वारली. एका लग्नाच्या पैशात अख्खं आयुष्य जायचं. हे मुंबईपासून रेल्वेने चार तासांवर चाललं होतं.

टिटवाळ्याहून परत गेलेल्या त्या मंडळींनी परुळेकरांना आपल्याकडे बोलावलं. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात सभा झाली. पाच हजार वारली जमले. पाच हजार हा आकडा आज छोटा वाटेल, आता एवढी माणसं क्रिकेटच्या स्पर्धेला येतात. पण तेव्हा गाड्या नव्हत्या, निरोप पायी जायचा, आणि सभेला गेला म्हणून सावकाराने चामडी सोलली असती. तिथे ठरलं की वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, मजुरी मिळाल्याशिवाय काम करायचं नाही. आणि ते ठरल्यावर माणसं घरी जाऊन खरंच थांबली. पुढच्या काही आठवड्यांत लग्नगडी मोकळे झाले. कायद्याने नाही, कोर्टाच्या निकालाने नाही. ते सावकाराच्या घरी कामाला गेलेच नाहीत, एवढंच.

मग आला गवताचा हंगाम. आपल्या शेतकरी वाचकांना हे लगेच कळेल. डहाणू-पालघरच्या माळावरचं गवत कापून, गासड्या बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जायचं. जमीनदाराचा मोठा पैसा त्यात. पण गवताला वेळ असते. दसऱ्यानंतर थोडे आठवडे, बस. उशीर झाला की गवत वाळून कडक होतं, म्हैस तोंड लावत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. तेच दिवस हेरून वारल्यांनी कापणी थांबवली. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे आजच्या हिशोबाने सव्वादोन क्विंटल. ज्याने कधी विळ्याने गवत कापलंय त्याने सांगावं, ही मागणी जास्त होती का?

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला माणसं जमली. गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पसरवला गेला होता. दुसरीकडे पोलिसांना सांगितलं गेलं की वारली दंगा करायला जमलेत. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे असे पाच जण मेले. लाल झेंडा वाचवायला आलेली माणसं होती ती. गोळीबारानंतर संप मोडेल असं मालकांना वाटलं होतं. मोडला नाही. अडीच रुपये द्यावे लागले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यावेळी गवताबरोबर जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता, मागणी रोजाला सव्वा रुपया. मुंबईत तोवर काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं. बाळासाहेब खेर पंतप्रधान (तेव्हा इलाख्याच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणायचे), आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे. १९४६ च्या शेवटी शामराव आणि गोदावरीबाई, दोघांनाही ठाणे जिल्ह्यात पाय ठेवायला बंदी घालण्यात आली. आजच्या भाषेत तडीपार. जिल्ह्यात नेते नसताना ७ जानेवारी १९४७ ला पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला, आणखी पाच जण गेले. शामरावांनी त्या साली या लढ्यावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. बाहेर बसून करता येण्यासारखं तेवढंच होतं.

देश स्वतंत्र झाला. १९५२ ला पहिली लोकसभा निवडणूक झाली. ठाणे मतदारसंघातून काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर निवडून आले. तुम्ही म्हणाल, एका मतदारसंघातून दोन खासदार कसे? तेच सांगायचंय.

तेव्हा ठाणे हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक आदिवासींसाठी राखीव, पण मतदार तेच, हद्द तीच. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. राखीव जागेवर आदिवासी उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं तो, आणि मग उरलेल्यांमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं तो दुसरा. त्यामुळे मिठागरावरचा आगरी, उत्तनचा कोळी, मुरबाडचा कुणबी आणि तलासरीचा वारली हे सगळे एकाच आदिवासी खासदाराला मत द्यायचे किंवा नाकारायचे. आज राखीव मतदारसंघ वेगळा काढतात, त्यामुळे ज्याच्या भागात आदिवासी जागा नाही त्याला आदिवासी उमेदवाराचं नावही माहीत नसतं. जुन्या पद्धतीत तोटे पुष्कळ होते. मतदारसंघ एवढा अवाढव्य की उमेदवार सगळीकडे पोचायचा नाही. पण हा एक गुण होता, असं मला वाटतं.

मतदानाची रीतही आतासारखी नव्हती. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर निशाणी चिकटवलेली. आपल्याला पाहिजे त्या पेटीत कागद टाकायचा. कम्युनिस्टांची निशाणी होती कणीस आणि विळा. आता बघा, ज्या माणसाला अक्षर येत नाही, ज्याचा अंगठा सावकाराने आयुष्यभर वहीवर घेतला, तो पडद्याआड एकटा उभा आहे. समोर विळ्याचं चित्र. ज्या विळ्याने तो गवत कापायचा, आणि जो त्याने १९४५ ला खाली ठेवला होता. बाहेर मालकाची माणसं बसलीत, पण आत कोणी बघत नाही. मत गुप्त असतं हे आपण आता सहज म्हणतो. त्या माणसाला ते पटवून देणं हाच तेव्हाचा खरा प्रचार असणार.

१९५७ ची निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, आणि तेव्हा हवा वेगळी होती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायची घोषणा झाली, लोक रस्त्यावर आले, गोळीबारात शंभरावर माणसं गेली. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. नोव्हेंबरात गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळं एकत्र करून द्विभाषिक राज्य लादलं. मुख्यमंत्री कोण, तर मुंबई पेटली तेव्हा जे मुख्यमंत्री होते ते मोरारजी द्विभाषिक होताना बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाण आले. समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष होते. मुंबईतून डांगे, उत्तर साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील आणि आपल्या ठाण्यातून शामराव परुळेकर व लक्ष्मण महादू मातेरा, हे सगळे त्याच लाटेत लोकसभेत गेले. ठाण्याच्या दोन्ही जागा कम्युनिस्टांनी घेतल्या. दोन्ही!

काही जण म्हणतात की ती लाट होती, त्यात परुळेकरांचं काय? माझं मत वेगळं आहे. कल्याण, ठाणे, वसईच्या बाजूला लाटेने काम केलं हे खरं. इथल्या लोकांना मुंबई हातातून जाईल याची चीड होती. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यावर मुंबई कोणाला मिळते याची काळजी कितीशी असणार? तिथे बारा वर्षांपूर्वीची झरीची सभा आणि तलवाड्याचे पाच मुडदे मत देत होते. एका टोकाला भाषेचा प्रश्न, दुसऱ्या टोकाला पोटाचा. दोन्ही मतं एकाच पेटीत पडली आणि जिल्ह्यातून हाकललेला माणूस जिल्ह्याचा प्रतिनिधी झाला. ज्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी त्याला पाय ठेवू दिला नव्हता, त्याच जिल्ह्याच्या नावाने लोकसभेत त्याची नोंद झाली.

त्याच वर्षीची आणखी एक तारीख शेतकऱ्याने विसरू नये. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळ कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने मालक मानला गेला. पुढे ३२ ग प्रमाणे किंमत ठरायची आणि पैसे भरले की ३२ म चं प्रमाणपत्र. आमच्या घरात अजून एका पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं ते पिवळं पडलेलं प्रमाणपत्र आहे. सातबाऱ्याची भानगड निघाली की वडील ती ट्रंक उघडायचे. हा कायदा काँग्रेस सरकारने केला, परुळेकरांनी नाही, हे स्पष्ट सांगतो. पण कायदा येणार म्हटल्यावर कितीतरी मालकांनी आधीच कुळांकडून राजीखुशीच्या नावाखाली जमिनी सोडवून घेतल्या होत्या. जिथे संघटना होती तिथे कूळ अडून बसलं आणि जिथे नव्हती तिथे अंगठा देऊन मोकळं झालं. कायदा एकच, गावागावात फळ वेगळं. तालुक्याच्या कचेरीत बसून जुने फेरफार चाळले तर हे आजही दिसतं.

खासदार म्हणून त्यांना पाच वर्षं मिळाली. त्यात १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ज्यासाठी निवडून आले ते मिळालं. पण त्याच वाटणीत उंबरगाव तालुका तुटला. तलासरीची बाजू महाराष्ट्रात राहिली आणि उंबरगाव गुजरातमध्ये गेलं. ज्या वारल्यांनी १९४५ ला एकत्र विळे खाली ठेवले, त्यांच्या मधून राज्याची हद्द गेली. आज तलासरीच्या पुढे हायवेवर ती हद्द लागते, तिथे दोन्हीकडे तेच आडनाव, तीच बोली, तेच तारप्याचे सूर.

१९६१ ला दोन जागांचे मतदारसंघ कायद्याने बंद झाले. ठाणे फुटलं. १९६२ ला ठाण्यातून सोनूभाऊ बसवंत आणि नव्या भिवंडी मतदारसंघातून जव्हारचे माजी राजे यशवंतराव मुकणे, दोघेही काँग्रेसचे, निवडून आले. म्हणजे कुळांच्या नेत्याची पाच वर्षं झाल्यावर राजेसाहेब दिल्लीला गेले. लोकशाहीत असंही होतं, आणि मुकणे पुढे १९६७ ला डहाणूतूनही जिंकले. लोकांनी परुळेकरांना सोडलं म्हणावं, तर तलासरीत लाल झेंडा तेव्हाही होता. मतदारसंघाच्या रेषा बदलल्या, लाट ओसरली, दोन्ही गोष्टी झाल्या.

चीनचं युद्ध झालं आणि कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. शामराव आणि गोदावरीबाई पुन्हा आत गेले. १९६४ ला पक्ष फुटला, दोघं मार्क्सवादी पक्षात राहिले, आणि वर्षाच्या अखेरीस देशभर त्या पक्षाच्या नेत्यांना पकडलं त्यात पुन्हा तुरुंगात. खटला नाही, शिक्षा नाही, नुसती स्थानबद्धता. ३ ऑगस्ट १९६५ ला शामराव परुळेकर तुरुंगातच वारले. वय त्रेसष्टच्या आसपास. इंग्रजांनी तुरुंगात टाकलेला माणूस स्वतंत्र देशाच्या तुरुंगात गेला, आणि मधल्या काळात तो पाच वर्षं याच देशाचा खासदार होता.

भाताची लावणी आटोपून बेणणीला लागायचे दिवस असतात ते. तलासरीच्या पाड्यावर बातमी पोचली तेव्हा लोक चिखलातच असतील.

गोदावरीबाई त्यानंतर एकतीस वर्षं जगल्या. वारल्यांच्या लढ्यावरचं त्यांचं जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक १९७० ला आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात असेल तर काढून वाचा, बहुतेक कपाटात धूळ खात असेल. त्या ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. १९७७ ला डहाणूतून लहानू कोम हे त्याच चळवळीतले आदिवासी कार्यकर्ते खासदार झाले, आणि डहाणू विधानसभेची जागा २०१९ ला आणि २०२४ ला पुन्हा त्याच पक्षाकडे गेली.

ठाणे मतदारसंघ मात्र पार बदलला. २००८ च्या फेररचनेनंतर मीरा-भाईंदर ठाणे शहर आणि नवी मुंबईच्या ऐरोली-बेलापूरबरोबर गेलं. खाडीपलीकडे वसईपासून डहाणूपर्यंत पालघर हा आदिवासी राखीव मतदारसंघ झाला आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हाही वेगळा झाला. त्यामुळे वरसावेच्या पुलाच्या अलीकडच्या पाड्यावरचा वारली आज ठाण्याच्या खासदाराला मत देतो आणि पुलापलीकडचा त्याचा मेहुणा पालघरच्या. अलीकडच्या पाड्यावर मागच्या लोकसभेला मी बातमीसाठी गेलो होतो. मतदान केंद्रावर बायांची रांग होती. त्यांच्या घराच्या जमिनीचा दावा अजून कागदावर आहे, वनविभागाकडे की महापालिकेकडे जायचं तेच त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही. कोणत्या उमेदवाराने येऊन विचारलं का, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि रांगेत पुढे सरकल्या.